निवृत्तीनंतर एकट्या माणसाने राहावे कोठे?

दरवर्षी नोव्हेंबर महिना आला की आमच्या बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागते. मी ज्या खिडकीवर बसते तिथे त्या महिन्यात आणखी एक अर्ज वारंवार येतो, तो म्हणजे पत्ता बदलण्याचा. मुंबईची खोली विकली, आता गावी जातो. क्वार्टर सोडायची आहे, पुतण्याकडे जाते. नाशिकला फ्लॅट घेतला, आता कायमचे तिकडेच. अर्ज देताना माणसाच्या चेहऱ्यावर सुटल्याचे समाधान असते. परंतु यातले काही अर्ज वर्षा-दोन वर्षांनी उलट येतात. माणूस तोच, सही तीच, पत्ता मात्र पुन्हा मुंबईच्या आसपासचा. आणि असे परत येणाऱ्यांत मला एकटी माणसे अधिक दिसली आहेत : अविवाहित, विधवा, विधुर, सोडलेल्या, मुलेबाळे नसलेली.

जोडप्याने चुकीची जागा निवडली तर दोघे मिळून कुरकुर करीत का होईना दिवस काढतात. एकट्या माणसाला ती सोय नाही. रात्री ताप आला तर पाणी कोण देणार, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असतो आणि नेमका तोच प्रश्न घर पाहताना कोणी विचारीत नाही. घर पाहताना आपण हवा पाहतो, भाव पाहतो, गॅलरी पाहतो. म्हणून या विषयावर आपल्या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत असे वाटले. विद्यार्थी वाचकांना हा विषय आपला नव्हे असे वाटण्याचा संभव आहे. पण घरातल्या एखाद्या आत्याचे किंवा मावशीचे अर्ज शेवटी तुम्हीच भरता, तेव्हा तुम्हीही वाचावे.

माझ्या खिडकीवर येणाऱ्या एका परिचारिका भगिनींचे उदाहरण सांगते. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणते. तरुणपणीच पती गेले, मूल नाही. सारी नोकरी मुंबईतल्या एका रुग्णालयात झाली, राहणे क्वार्टरमध्ये. २०१९ साली ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्या तेव्हा हाती ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीची रक्कम आली आणि क्वार्टर रिकामी करण्याची नोटीसही आली. सासरचे गाव दापोली तालुक्यात. बौद्धवाडीतले सासऱ्यांचे घर मोडकळीला आले होते. सिस्टरनी अर्धे घर चिऱ्याचे बांधून घेतले, नवे पत्रे घातले, संडास-न्हाणीघर आत आणले. गावाला उपयोग होईल म्हणून रक्तदाब मोजायचे यंत्रही नेले. पहिले सहा महिने फार छान गेले, असे त्या अजूनही सांगतात.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदीत एसटी थांबली. त्यांच्या स्वतःच्या साखरेच्या गोळ्या दापोलीहून यायच्या, त्या कोण आणणार? वाडीतली तरुण मुले मुंबईत अडकलेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. रायगडच्या किनाऱ्यावर ते आदळले आणि दापोली-मंडणगडची घरे, आंबा, नारळ, सुपारी आडवी करून गेले. सिस्टरचे नवे पत्रे शेजारच्या बागेत सापडले. वीज कित्येक आठवडे नव्हती. यात गावाचा दोष नाही, वादळ कुठेही येते. पण त्यानंतर जे झाले ते वादळामुळे नव्हे. नुकसानभरपाईसाठी घराचा उतारा काढला तेव्हा त्यावर त्यांच्या दिरांचे नाव होते. पुतण्याने सांगितले, काकी, तुम्ही राहा हो, पण घर आमचे आहे. त्याचे बोलणे उद्धट नव्हते. त्याने खरोखरच तसे समजून चालले होते.

इथे थोडे थांबून कागदाविषयी सांगितले पाहिजे, कारण गावी परतणाऱ्यांपैकी बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८, ज्याला आपण घरपट्टीचा उतारा म्हणतो, तो कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही. म्हणजे उताऱ्यावर दिराचे नाव आहे म्हणून सिस्टरच्या पतीचा वारसाहक्क बुडतो असे नाही, आणि सिस्टरनी पैसे घातले म्हणून घर त्यांचे होते असेही नाही. सासऱ्यांच्या पश्चात वारस कोण, वाटप झाले का, झाले तर नोंदवले का, हे पाहावे लागते. ते न पाहता बांधकाम केले तर आपण दुसऱ्याच्या घराची दुरुस्ती करून दिली असा अर्थ होऊ शकतो.

जमिनीचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे. आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या जमिनी मूळच्या महार वतनाच्या. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याच्या कायद्याने ही वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीने परत दिल्या गेल्या. सातबारावर त्या भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसतात. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. गावची जमीन विकून शहरात घर घेईन, किंवा शहरातले पैसे घालून भावकीतल्या कोणाचा तुकडा विकत घेईन, असे ज्यांच्या मनात आहे त्यांनी आधी सातबारा काढून वर्ग कोणता ते पाहावे. सातबारा आता संगणकावर निघतो, तलाठ्याच्या दारात बसावे लागत नाही. वारस नोंद राहिली असेल तर ती निवृत्तीपूर्वी, अंगात धावपळीची ताकद असताना करून घ्यावी.

गावाविषयी आपल्या समाजाचे मन दुहेरी आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर मत सांगितले ते आपण सर्व जाणतो. आपले आजोबा-पणजोबा गिरणीत, गोदीत, रेल्वेत आले ते नुसत्या भाकरीसाठी नव्हे. आणि तरीही निवृत्तीचा दिवस जवळ आला की डोळ्यांपुढे पहिल्यांदा गावच येते. मी यात काही विसंगती मानत नाही. गाव आज पन्नास वर्षांपूर्वीचे राहिलेले नाही, वाडीत विहार आहे, रस्ता आहे. परंतु विहिरीवरून, रस्त्यावरून, स्मशानाच्या जागेवरून अजूनही कुठे कुठे तंटे होतात. एकट्या बाईने किंवा एकट्या म्हाताऱ्याने तिथे राहायचे तर वाडीत बारा महिने किती घरे उघडी असतात, हे मोजले पाहिजे. मे महिन्यात किंवा बुद्ध पौर्णिमेला गाव बघून निर्णय घेऊ नये. तेव्हा मुंबईचे मंडळ गावात असते आणि प्रत्येक ओटीवर माणसे असतात. जुलैच्या एखाद्या मंगळवारी, पाऊस कोसळत असताना, जाऊन पाहावे. किती दिवे लागलेले दिसतात?

मंगलसुत्त आपण प्रत्येक परित्राणपाठात म्हणतो. त्यात जी अनेक मंगले सांगितली आहेत त्यांत अनुरूप प्रदेशात वास करणे हेही एक आहे. आपण ते म्हणून पुढे जातो. अनुरूप म्हणजे कसा, याचे एक उत्तर मला महापरिनिब्बान सुत्तात सापडते. आयुष्याच्या शेवटच्या वर्षावासात भगवान वैशालीजवळच्या बेलुव गावी राहिले. त्या वेळी त्यांनी भिक्षूंना सांगितले की, वैशालीच्या आसपास जिथे ज्याचे मित्र, ओळखीचे आणि जिव्हाळ्याचे लोक असतील तिथे त्याने वर्षावास करावा. ज्यांनी घरदार सोडले त्या भिक्षूंनाही तीन महिने काढण्यासाठी माणसे पाहून जागा निवडायला सांगितले आहे. आपण तर गृहस्थ, आणि आपल्याला काढायची आहेत वीस-पंचवीस वर्षे.

म्हणून माझे मत असे आहे की एकट्या माणसाने आधी माणसे ठरवावीत आणि मग गाव. न बोलावता ज्यांच्याकडे जाता येईल आणि जे न बोलावता आपल्याकडे येतील, अशी निदान तीन घरे पायी जाण्याच्या अंतरावर असावीत. ती नातेवाइकांचीच असली पाहिजेत असे मुळीच नाही. नातेवाईक एकच घर असेल आणि त्याच घरावर सारा भार असेल तर त्यांचाही जीव मेटाकुटीस येतो. सिस्टरच्या बाबतीत पाहा, वाडीत सगळे नात्याचेच होते, मैत्रिणी मात्र साऱ्या मुंबईत होत्या.

आता शहरांकडे येते. मुंबईत क्वार्टर किंवा चाळ सुटलेल्यांचा पहिला ओढा बदलापूर-अंबरनाथ, विरार-नालासोपारा या बाजूंना असतो, आणि तो अगदी चुकीचा नाही. जुना डॉक्टर, जुने रुग्णालय, जुन्या मैत्रिणी लोकलने गाठता येतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन रात्री घरी परतता येते. पण बदलापूर घेताना नकाशात उल्हास नदी कुठून जाते ते पाहावे. २६ जुलै २००५ ला तिथे पाणी भरले आणि २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात उभी होती, हे आपण दूरदर्शनवर पाहिले आहे. म्हातारपणी जिने नकोत म्हणून तळमजला घ्यावा तर पाणी शिरते, वरचा घ्यावा तर लिफ्ट लागते. आणि लिफ्ट असून भागत नाही, ती चालू असली पाहिजे. घर पाहायला जाल तेव्हा दलालाला विचारू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या आजीला विचारा की लिफ्ट महिन्यातून किती दिवस बंद असते आणि पाणी किती वाजता येते. आजी खरे सांगेल.

स्टेशनपासून घर किती लांब, हेही पायी चालून पाहावे. जाहिरातीतली दहा मिनिटे तरुण माणसाची असतात.

नागपूरचे आकर्षण आपल्या लोकांना निराळेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ची भूमी, दीक्षाभूमीजवळ राहायला मिळावे, ही इच्छा मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. उत्तर नागपुरात, इंदोऱ्याच्या बाजूला, आपली वस्ती दाट आहे. विहारात रोज वंदनेला माणसे असतात. वैद्यकीय सोय म्हणाल तर सरकारी मेडिकल मोठे आहे आणि मिहानला एम्स झाले आहे. घरे मुंबईच्या मानाने स्वस्त. पण उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कोकणात किंवा मुंबईत साठ वर्षे काढलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने पहिला उन्हाळा तिथे भाड्याच्या घरात काढून पाहावा आणि मगच खरेदीखत करावे. नागपूरहून मुंबईला रेल्वेने रात्रभराचा प्रवास आहे. इकडे मैत्रीण आजारी पडली तर संध्याकाळी भेटून येऊ, असे तिथे नाही. ज्येष्ठांना रेल्वेच्या तिकिटात मिळणारी सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली, हाही खर्च धरावा. एसटीची गोष्ट वेगळी. २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट झाले. त्यामुळे राज्यातल्या राज्यात, एसटीच्या टप्प्यातले गाव निवडणे शहाणपणाचे ठरते.

छत्रपती संभाजीनगरला नागसेनवनाचा परिसर, १९५० साली स्थापन झालेले मिलिंद महाविद्यालय, विद्यापीठामागची लेणी, घाटी रुग्णालय अशी सर्व अनुकूलता आहे. तिथल्या शिकलेल्या, वाचणाऱ्या बौद्ध समाजात एकट्या माणसाचा वेळ चांगला जाईल. मात्र नळाला पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येणे, हे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. ज्या भागात घर पाहाल त्या भागापुरती पाण्याची चौकशी करा. नाशिकची हवा बरी, मुंबई चार-पाच तासांवर, त्रिरश्मी लेणी गावातच म्हणावीत अशी, आणि इगतपुरीचे विपश्यना केंद्र वाटेवर. पुणे महाग झाले आहे. त्यातल्या त्यात देहूरोडच्या बाजूला, जिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तिथे आपल्या लोकांची जुनी वस्ती आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांच्या वर नोंदली गेली. म्हणजे राज्यात कुठेही गेलो तरी आपण अगदी एकटे पडणार नाही. मग नव्या शहरात आपल्याच वस्तीत राहावे की मिश्र वस्तीत? या प्रश्नावर आमच्या घरात वाद आहेत. माझे मत सांगते. तत्त्व म्हणून मिश्र वस्ती बरी, आणि तरुण कुटुंबाने ती जरूर निवडावी. पण एकट्या वृद्ध बाईने भाड्याचे घर शोधताना काय होते ते मी जवळून पाहिले आहे. सिस्टरसाठी घर शोधायला मी तीन रविवार त्यांच्याबरोबर हिंडले. एका ठिकाणी सारे ठरत आले, आणि मग घरमालकाने आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी फोनवर सांगण्यात आले की भाचा राहायला येणार आहे. आणखी एका ठिकाणी एकट्या बाईला देत नाही असे तोंडावर सांगितले. निदान ते स्पष्ट तरी होते. पस्तीस वर्षे ज्या बाईने जात न विचारता लोकांच्या जखमा बांधल्या तिला खोली मिळवताना हे ऐकावे लागले. त्या काही बोलल्या नाहीत. परत येताना लोकलमध्ये त्यांनी डबा उघडला आणि मला लाडू दिला.

शेवटी घर मिळाले ते बदलापुरात, दुसऱ्या मजल्यावर, विहारापासून सात मिनिटांच्या अंतरावर. त्यांच्याबरोबर नोकरी केलेल्या दोन परिचारिका त्याच रस्त्यावर राहतात. घेतले मात्र भाड्याने. विकत घ्या असे सर्वांनी सांगितले, मी एकटीने नको म्हटले. कारण साधे आहे. नवी जागा मानवते की नाही हे चारही ऋतू काढल्याशिवाय कळत नाही आणि विकत घेतलेले घर मोडून बाहेर पडताना मुद्रांक, नोंदणी, दलाली यांत मोठी रक्कम जाते. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार पुरेसा आहे. तो नोंदवलेलाच असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणीचा कागद हाती असला की गॅस, बँक, आधार सगळीकडे पत्ता बदलणे सोपे जाते.

पैशाचे गणित आता मांडते, तो माझा रोजचा विषय आहे. पेन्शनच्या भीतीने लोक जुने गाव सोडायला कचरतात, ते कारण नाही. पेन्शन जिथे जमा होते ते खाते हलवण्याची गरज नसते, आणि हवे असल्यास हलवता येते. हयातीचा दाखला २०१४ पासून जीवन प्रमाण पद्धतीने घरबसल्या देता येतो, आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. भविष्यनिर्वाह निधीचे पेन्शन घेणाऱ्या कामगार बांधवांनाही जानेवारी २०२५ पासून देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून पैसे मिळण्याची सोय झाली आहे. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. सरकारी, महापालिकेच्या किंवा बँकेच्या पेन्शनवर महागाई भत्ता वाढतो. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनवर तो नाही. तिथली किमान रक्कम २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली, यावरून काय ते समजावे. अशा कामगाराने भाड्याच्या घरावर विसंबू नये. भाडे दरवर्षी चढते, त्याचे पेन्शन चढत नाही. त्याला लहान का होईना, हक्काचे छप्पर हवे.

निवृत्तीची रक्कम आली की ती सारी घरात घालावीशी वाटते. समजा, २० लाख मिळाले आणि ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. २०२३ च्या एप्रिलमध्ये या योजनेचा दर ८.२ टक्के झाला आणि मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली. त्या दराने २० लाखांवर तिमाहीला ४१,००० रुपये येतात, म्हणजे महिना सुमारे १३,६०० रुपये. बदलापूरसारख्या ठिकाणी एका खोली-स्वयंपाकघराचे भाडे त्यातून भागून वर काही उरावे. तेच २० लाख घरात घातले तर भाडे वाचते खरे, पण आजारपणात भिंत विकून औषध आणता येत नाही. दर बदलत असतो, म्हणून पैसे ठेवण्याच्या दिवशी विचारून घ्यावे. आणि अधिक व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत सारी पुंजी ठेवू नये. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, २०२० पासून ती मर्यादा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. हे मी बँकेत आहे म्हणून सांगत नाही. बुडालेल्या पतसंस्थांचे पासबुक घेऊन माझ्याकडे लोक येतात, मी काहीच करू शकत नाही.

औषधपाण्याचे म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचाराचे संरक्षण मिळाले आहे. नव्या शहरात घर पाहताना योजनेतले कोणते रुग्णालय जवळ आहे ते पाहावे. १०८ ची रुग्णवाहिका तुमच्या गल्लीत वळू शकते का, हेही पाहून ठेवावे.

यापुढचे अप्रिय आहे, पण टाळून चालणार नाही. एकट्या माणसाच्या मागे त्याच्या चार वस्तूंचे काय व्हायचे? आपल्याला हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू आहे, कायद्यात बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यातील कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या, मूल नसलेल्या विधवेची स्वकष्टाची मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आईवडील, भाऊ-बहिणी त्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका प्रकरणात हेच कायम केले. सासरच्यांनी हाकलून दिलेल्या, माहेरच्यांनी शिकवलेल्या विधवेची ती मिळकत होती. आई-वडिलांकडून वारसाने आलेली मिळकत तेवढी माहेरी परत जाते. सिस्टरना मी हे समजावून सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. ज्या पुतण्याने घर आमचे आहे म्हटले, त्यांची ठेवही त्याच्याच घरी गेली असती. त्यांनी मृत्युपत्र केले. दोन साक्षीदारांसमोर सही करावी लागते. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. ज्याला काही द्यायचे आहे त्याला साक्षीदार घेऊ नये, उगीच वाद होतो. खात्यावर नॉमिनी लावला म्हणजे झाले, असे मात्र समजू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, पण नॉमिनी पैसे स्वीकारतो तो वारसांच्या वतीने. मालक तो होत नाही.

काही जण भाच्या-पुतण्याच्या नावे आधीच घर करून देतात आणि त्याच्याकडे राहायला जातात. करूच नये असे मी म्हणणार नाही, माणसामाणसांत फरक असतो. पण बक्षीसपत्रात, सांभाळ करण्याच्या अटीवर देत आहे, हे वाक्य घालून घ्यावे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. अट लिहिलेली नसेल तर भांडण लांबते. शिवाय याच कायद्याप्रमाणे, मूल नसलेल्या ज्येष्ठाची मिळकत ज्या नातेवाइकाच्या ताब्यात आहे किंवा पुढे त्याला मिळणार आहे, त्याच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. वकील लागत नाही. १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीवरही माहिती मिळते.

विनयपिटकातील एक प्रसंग आपल्या धम्मवर्गात सांगितला जातो. अतिसाराने आजारी भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून पलंगावर ठेवले. नंतर भिक्षूंना बोलावून सांगितले की तुम्हाला शुश्रूषा करायला आईवडील जवळ नाहीत, तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करणार? आपल्या संस्थेकडे जयंतीच्या मिरवणुकीसाठी वर्गणी जमते, स्वयंसेवक जमतात. आपल्या विभागात एकटे राहणारे ज्येष्ठ किती आणि कोठे, याची एक वही संस्थेच्या कार्यालयात का असू नये? विद्यार्थ्यांनी नोव्हेंबरात चार घरी जाऊन मोबाईलवर हयातीचा दाखला भरून दिला तरी आमची अर्धी रांग कमी होईल. कार्यकारिणीपुढे ही सूचना मी यापूर्वी मांडली होती. विषय पुढील सभेवर गेला.

बदलापुरात सिस्टरनी आपल्या दोन मैत्रिणींबरोबर एक साधी पद्धत पाडली आहे. सकाळी सात वाजता तिघींपैकी प्रत्येकीने दुसरीला नुसता मिस्ड कॉल द्यायचा. साडेसातपर्यंत आला नाही तर उठून जायचे. तिघींच्या दारांच्या किल्ल्या तिघींकडे आहेत. एकदा पाय घसरून न्हाणीघरात पडलेल्या एकीला याच पद्धतीने पावणेआठला बाहेर काढले.

गेल्या नोव्हेंबरात सिस्टर खिडकीवर आल्या, तेव्हा पत्त्याचा अर्ज हातात होता. मी घाबरले. पुन्हा कुठे? त्या म्हणाल्या, कुठे नाही गं, घरमालकाचा मुलगा परत येतोय, म्हणून त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर उतरले. गावच्या घराची वारस नोंद त्यांनी आता लावून घेतली आहे, पुतण्याने स्वतःच हेलपाटे घातले. मे महिन्यात पंधरा दिवस त्या तिथे जाऊन राहतात आणि जून लागण्यापूर्वी परत येतात.